घानातील रुग्णालये आणि आरोग्यसेवा : तेमाला जाण्यापूर्वी माहिती हवी आहे

नीरजा_ठाणे

नमस्कार. माझ्या यजमानांची घानामधील तेमा येथील एका कारखान्यात तीन वर्षांसाठी नेमणूक झाली असून आम्ही सर्वजण जूनमध्ये तेथे जाणार आहोत. सर्वजण म्हणजे आम्ही दोघे, ६ वर्षांची मुलगी आणि ७१ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना १५ वर्षांपासून मधुमेह आहे, त्या दिवसातून दोनदा इन्सुलिन घेतात आणि रक्तदाबाची गोळीही चालू आहे. घर, शाळा, किराणा यांची माहिती कंपनीने व्यवस्थित दिली. दवाखान्यांविषयी मात्र "तेथे चांगली खासगी रुग्णालये आहेत" या एका वाक्यापलीकडे काही हाती लागलेले नाही. नातेवाईक "आफ्रिकेत आजारी पडू नका" एवढेच सांगतात. त्याने भीती वाढते, माहिती वाढत नाही.

रात्री-अपरात्री मुलीला ताप भरला तर सर्वांत आधी काय करावे, सासूबाईंची औषधे तेथे मिळतील का आणि अचानक गंभीर दुखणे उद्भवले तर कोठे जावे, हे मला विचारायचे आहे. शिवाय ज्या देशात तीन वर्षे राहायचे, तेथील लोक स्वतः कोठे उपचार घेतात आणि त्यांची व्यवस्था कशी चालते, हेही समजून घेण्याची इच्छा आहे.

बंदरकाठ

नीरजाताई, मी ११ वर्षांपासून तेमात राहतो. मुलीच्या तापापासूनच सुरुवात करतो, कारण येथे नव्याने येणाऱ्या आपल्या माणसाला सर्वांत मोठा धोका उशिरा ओळखलेल्या हिवतापाचा असतो.

मुंबई-ठाण्यात आपण जो मलेरिया पाहतो तो बहुतेक वेळा व्हायवॅक्स जातीचा असतो. घानातील जवळजवळ सगळा मलेरिया फाल्सिपेरम जातीचा आहे, आणि तो वेळेत आवरला नाही तर मेंदू आणि मूत्रपिंडांवर जातो. येथील प्रौढ माणसाला लहानपणापासून वारंवार झालेल्या संसर्गामुळे अंशतः प्रतिकारशक्ती आलेली असते. त्यामुळे माझे स्थानिक सहकारी अंगात कसकस असतानाही कामावर येतात आणि दोन दिवसांत बरेही होतात. त्यांच्याकडे पाहून आपल्या माणसाला हे दुखणे किरकोळ वाटू लागते, आणि तेथेच घात होतो. येथील ट्वी भाषेत ताप आणि मलेरिया या दोन्हींना "अतिरिदी" हा एकच शब्द वापरतात. तुम्हीही येथे असेपर्यंत ताप म्हणजे मलेरिया असेच धरून चाला आणि तपासणीने तो नाही असे ठरले तरच दुसरा विचार करा.

माझ्या पहिल्याच वर्षी मी दमणूक समजून दोन दिवस अंगावर काढले. जवळच्या एका दवाखान्यात केलेली पहिली तपासणी निर्दोष आली, म्हणून मी निश्चिंत होऊन घरी झोपलो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी असंबद्ध बोलू लागलो आणि पत्नीने शेजाऱ्यांच्या मदतीने मला गाडीत घातले. रुग्णालयाने दाखल करण्यापूर्वी अनामत रक्कम मागितली. तिच्याजवळ पुरेशी रोख रक्कम नव्हती आणि मोबाइल मनीचे खाते माझ्या एकट्याच्या नावावर होते. कारखान्यातील एका सहकाऱ्याने घरून पैसे पाठवले तेव्हा आर्टेसुनेट या मलेरियावरील औषधाचे पहिले इंजेक्शन मिळाले. मध्ये गेलेला तो पाऊण तास ती आजही विसरलेली नाही.

म्हणून ताप ३८ अंशांच्या वर गेला की त्याच दिवशी, रात्र असली तरी त्याच रात्री, रक्त तपासावे. बोटातून थेंबभर रक्त घेऊन केलेल्या तपासणीचा निकाल पंधरा-वीस मिनिटांत मिळतो. ती निर्दोष आली आणि ताप उतरला नाही, तर दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीसह पुन्हा करावी. मलेरिया निघाल्यास सहसा आर्टेमेथर आणि ल्युमेफँट्रिन यांच्या जोडगोळ्या देतात. तीन दिवसांत सहा मात्रा असतात. त्या दूध किंवा स्निग्ध पदार्थाबरोबर घेतल्या तर अंगी लागतात, आणि बरे वाटले म्हणून मध्येच थांबवायच्या नसतात. मूल उलट्या करत असेल, गुंगीत असेल किंवा पाणीही पीत नसेल, तर घरी गोळ्या देत बसू नये, थेट रुग्णालयात न्यावे. प्रतिबंधक गोळ्या कोणाला द्यायच्या आणि किती काळ, हे ठाण्यातच बालरोगतज्ज्ञ आणि सासूबाईंचे डॉक्टर यांना विचारून ठरवा.

रुग्णालयांविषयी. तेमा जनरल हॉस्पिटल हे सरकारी रुग्णालय बंदराच्या उभारणीच्या काळातील, १९५० च्या दशकातील आहे. तेथे गर्दी फार असते, परंतु अपघात आणि बाळंतपणे हाताळण्याचा त्यांचा हात बसलेला आहे. बंदर प्राधिकरणाचे इंटरनॅशनल मॅरिटाइम हॉस्पिटल तेमातच आहे. राजधानी आक्रामध्ये ३७ मिलिटरी हॉस्पिटल, पूर्वी रिज या नावाने ओळखले जाणारे ग्रेटर आक्रा रीजनल हॉस्पिटल, लेगॉन येथील विद्यापीठाचे वैद्यकीय केंद्र आणि विमानतळाजवळचे न्याहो हे जुने खासगी रुग्णालय, ही नावे तुमच्या कानांवर सारखी येतील. या सर्वांच्या वर कोर्ले बू. ते गव्हर्नर गगिसबर्ग यांच्या काळात ९ ऑक्टोबर १९२३ रोजी २०० खाटांनिशी उघडले आणि आज तेथे सुमारे २,००० खाटा आहेत. गा भाषेत या नावाचा अर्थ कोर्ले खाजणाचे खोरे असा होतो. हृदय, कर्करोग, भाजलेले रुग्ण अशा कठीण उपचारांसाठी देशभरातून माणसे तेथे येतात. तातडीची वेळ नसेल, तर आधीच्या रुग्णालयाची शिफारसचिठ्ठी असावी लागते.

सरकारी रुग्णालयात गेल्यावर आधी तुमचे "फोल्डर" काढतात, मग परिचारिका ताप, रक्तदाब आणि वजन पाहते आणि त्यानंतर डॉक्टरांकडे पाठवतात. प्रकृती बरी असतानाच एकदा जाऊन चौघांची फोल्डर्स काढून ठेवा. रात्री दोन वाजता जन्मतारखा सांगत उभे राहण्याची वेळ त्यामुळे टळते.

सासूबाईंच्या औषधांची फारशी काळजी करू नका. येथील औषधदुकानांत भारतात बनलेली औषधे भरपूर असतात. व्यापारी नावे वेगळी असतात, म्हणून डॉक्टरांकडून मूळ घटकांच्या नावांनी चिठ्ठी लिहून आणा. इन्सुलिनबाबत मात्र विजेचा विचार करावा लागेल. वीज जाण्या-येण्याला येथे "डुमसोर" म्हणतात, म्हणजे विझणे आणि पेटणे. जनित्राची जोड असलेले घर कंपनीकडे आग्रहाने मागा.

दादर_प्रवासी

पीतज्वराच्या लशीविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. घानात प्रवेश करताना या लशीचे पिवळे प्रमाणपत्र दाखवावे लागते. भारतात परतताना तर ते अत्यावश्यक असते. ते नसल्यास सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाते. लस टोचल्यापासून दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होते आणि २०१६ पासून ते आयुष्यभरासाठी ग्राह्य धरले जाते, त्यामुळे तारीख आताच ठरवून टाका. साठीच्या पुढील माणसांना ही लस देताना डॉक्टर जास्त सावध असतात. सासूबाईंना प्रकृतीच्या कारणाने लस देता येत नसेल, तर तसे वैद्यकीय पत्र अधिकृत केंद्राकडून घ्यावे लागेल.

आरोग्यवाट

मी सार्वजनिक आरोग्याच्या कामानिमित्त घानाच्या अगदी उत्तरेकडील नव्हरोंगो परिसरात दोन वर्षे राहिले आहे. नीरजाताईंनी शेवटी विचारलेला प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. आक्राच्या रुग्णालयांवरून हा देश कळत नाही.

१९९० च्या दशकात नव्हरोंगोच्या संशोधन केंद्राने एक साधा प्रश्न हाती घेतला होता. परिचारिका आरोग्यकेंद्रात बसून रुग्णांची वाट पाहते. ती गावातच राहायला गेली आणि घरोघरी फिरू लागली, तर काय होईल? १९९४ मध्ये हा प्रयोग काही गावांत सुरू झाला. गावाने जागा आणि श्रम द्यायचे, मुखियाने सभा बोलवायची, परिचारिकेने तेथेच बिऱ्हाड करायचे आणि दुचाकीवरून फिरायचे, अशी विभागणी होती. बालमृत्यू कमी होताना दिसले, तेव्हा १९९९ मध्ये सरकारने हेच देशाचे धोरण म्हणून स्वीकारले. या केंद्रांच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जोडून लोक त्यांना "चिप्स" म्हणतात.

मी ज्या केंद्रावर जात असे, ते दोन खोल्यांचे होते. एका खोलीत तपासणी चाले, दुसरीत परिचारिका राहत असे. पडवीतील आढ्याला वजनकाटा टांगलेला असे आणि ठरलेल्या दिवशी पाठीशी बाळे बांधलेल्या बाया सकाळी सातपासून जमू लागत. त्या दिवसाला सगळ्या बाया "वेइंग" म्हणतात, म्हणजे बाळाच्या वजनाचा दिवस. लसीकरण, पोषणाचा सल्ला आणि कुटुंबनियोजन हे सारे त्याच एका शब्दात येते. मे २०१९ पासून घानाच्या काही भागांत हिवतापाची पहिली लस बालकांना देण्यास सुरुवात झाली, तीही वजनाच्या याच रांगांतून. आपल्याकडील उपकेंद्र आणि तेथील परिचारिका डोळ्यांसमोर आणली, तर चित्र लगेच ओळखीचे वाटेल. फरक जाणवला तो परिचारिकेच्या वास्तव्याचा. रात्री दार ठोठावले तर ती तेथेच असते. वीज, पाणी आणि स्वतःच्या मुलांची शाळा यांची आबाळ सोसून ती तेथे असते, हेही नोंदवले पाहिजे.

पैशाची बाजू समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९८५ पासून घानात "कॅश अँड कॅरी" पद्धत होती, म्हणजे आधी पैसे भरायचे आणि मगच उपचार घ्यायचे. त्या वर्षांच्या आठवणी वयस्क माणसे आजही कळवळून सांगतात. २००३ च्या कायद्याने राष्ट्रीय आरोग्य विमा आला. त्याचा बहुतांश पैसा वस्तू आणि सेवांवरील अडीच टक्के अधिभारातून आणि नोकरदारांच्या सामाजिक सुरक्षा निधीतील हिश्श्यातून येतो, म्हणजे बाजारात साबण विकत घेणाराही त्यात भर घालतो. १८ वर्षांखालील मुले आणि ७० वर्षांवरील वृद्ध यांना हप्ता भरावा लागत नाही, आणि जुलै २००८ पासून गर्भवती स्त्रियांनाही तो माफ आहे. कार्डाचे नूतनीकरण मोबाइलवर तारांकित ९२९ हा क्रमांक फिरवून करता येते. दूरच्या गावातील बाईला त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडवून तालुक्याला जावे लागत नाही, आणि ही सोय मला फार मोलाची वाटते.

उणीवही तितकीच खरी आहे. विमा प्राधिकरणाकडून रुग्णालयांना पैसे मिळण्यास अनेक महिने लागतात. मग रुग्णालयात औषध शिल्लक नसते आणि कार्ड असलेल्या रुग्णालाही ते बाहेरून आणायला सांगतात. दीर्घ आजारांत तर विमा बरीच वर्षे अपुरा पडला. २०२३ मध्ये कोर्ले बूमधील डायलिसिसचा दर ३८० सेडींवरून (सेडी हे तेथील चलन) ७६५ सेडींपर्यंत नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हा देशभर संताप उसळला. त्यानंतर २०२४ मध्ये विम्यातून डायलिसिसला साहाय्य देण्यास प्रारंभ झाला आणि २०२५ मध्ये कर्करोग, हृदयरोग, मूत्रपिंडविकार अशा महागड्या आजारांसाठी स्वतंत्र निधी उभारण्यात आला. मधुमेही माणसाच्या घरच्यांनी मूत्रपिंडांची नियमित तपासणी का चुकवू नये, हे यावरून ध्यानात येईल.

वैनगंगा_तीर

आरोग्यवाट यांना एक प्रश्न. मी गडचिरोलीची असून माझ्या घरात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण आहेत. पश्चिम आफ्रिकेत हा आजार फार आढळतो असे वाचले आहे. तेथे नवजात बालकांची तपासणी होते का?

आरोग्यवाट

होते, परंतु सगळीकडे नाही. घानात जन्मणाऱ्या बालकांपैकी साधारण दोन टक्के बालकांना हा आजार असतो. कुमासीमध्ये १९९५ मध्ये नवजात बालकांच्या तपासणीचा कार्यक्रम सुरू झाला. आफ्रिकेतील अगदी आरंभीच्या अशा प्रयत्नांत त्याची गणना होते. कोर्ले बूमध्ये प्रौढ रुग्णांसाठी १९७० च्या दशकापासून वेगळी संस्था आहे. डॉ. कोनोटे-अहुलू या घानाच्या वैद्यांनी स्वतःच्या घराण्यातील या आजाराचा माग १६७० पर्यंत मागे नेला. त्यांनीच हेही दाखवून दिले की सूक्ष्मदर्शकाखाली कोयत्यासारख्या पेशी दिसण्याच्या कितीतरी आधीपासून तेथील भाषांत या दुखण्याला नावे होती. गा भाषेतील नाव "च्वेच्वेएच्वे" असे आहे. हाडांत पुन्हा पुन्हा उठणारी कळ त्या उच्चारातच ऐकू येते. तुमच्या घरात हे दुखणे पाहिलेले असल्याने ते तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक कळेल. हायड्रॉक्सियुरिया हे औषध आपल्याकडे देतात तेच तेथेही देतात. गरोदरपणाआधी पती-पत्नींनी तपासणी करावी, यासाठी अनेक चर्च विवाहापूर्वीच अहवाल मागतात.

सदाशिव_पेठकर

येथे पुण्याचा संबंध सांगणे योग्य वाटते. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी लशींच्या जागतिक वाटपासाठीच्या कोव्हॅक्स योजनेतील कोविड लशींचा जगातील पहिला साठा आक्राच्या विमानतळावर उतरला. त्या ६ लाख मात्रा पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेल्या होत्या. त्याआधी मेनिंजायटिसच्या अ गटाविरुद्धची लसही याच संस्थेने अर्ध्या डॉलरहून कमी किमतीत बनवली. डिसेंबर २०१० मध्ये ती शेजारच्या बुर्किना फासोत सर्वप्रथम मोठ्या प्रमाणावर दिली गेली आणि नंतर घानाच्या उत्तर भागातही पोहोचली. पुढे ऑक्सफर्ड विद्यापीठाने विकसित केलेल्या आणि सीरममध्ये तयार होणाऱ्या आर-२१ या हिवतापाच्या लशीला एप्रिल २०२३ मध्ये जगात सर्वप्रथम मान्यता दिली ती घानाच्या औषध प्राधिकरणाने. पुण्याजवळच्या मांजरी गावाच्या रस्त्याने, जेथे सीरमचा कारखाना आहे, जाताना मला या गोष्टीची आठवण होते आणि अभिमान वाटतो.

त्याच वेळी दुसरी गोष्टही लिहिलीच पाहिजे. टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉल यांच्या मिश्रणाच्या व्यसन लावणाऱ्या गोळ्या आपल्याच राज्यातील एका उत्पादकाकडून घाना, नायजेरिया आणि आयव्हरी कोस्टमध्ये जात असल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये उघड झाले, आणि त्यानंतर केंद्र सरकारने या मिश्रणाच्या उत्पादनावर व निर्यातीवर बंदी घातली. उत्तर घानातील तामाले शहरात तरुण मुले या गोळ्यांच्या आहारी गेली होती आणि तेथील रहिवाशांनी स्वतः पथके नेमून त्या जप्त केल्या. हे वाचले तेव्हा मला लाज वाटली. मला त्या तामालेतील बापांची बाजू घ्यायची आहे, म्हणून हे येथे लिहिले.

बंदरकाठ

पेठकर साहेब, तुम्ही हे लिहिलेत त्याबद्दल आभार. आमच्या कारखान्यात उत्तरेकडचे अनेक कामगार आहेत आणि त्यांच्या घरांत या गोळ्यांनी काय केले, हे मी जवळून पाहिले आहे. नीरजाताईंनी व्यवहारात एवढेच करावे की औषध नेहमी परवानाधारक औषधदुकानातून घ्यावे आणि वेष्टनावर घानाच्या प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक आहे का, ते पाहावे. गल्लीतील लहान दुकाने, ज्यांना येथे "केमिकल स्टोअर" म्हणतात, त्यांना केवळ साध्या औषधांचा परवाना असतो. तेथे तापाची गोळी घ्यावी, प्रतिजैविके घेऊ नयेत.

नाशिक_गोदातट

मी एक वर्ष कुमासीत होतो. तेथील कोम्फो अनोक्ये हे मोठे रुग्णालय पाहिले आहे. असांते राज्याच्या ज्या धर्मगुरूच्या नावाने ते उभे आहे, त्याने जमिनीत रोवलेली तलवार रुग्णालयाच्या आवारातच जपून ठेवली आहे. तेथील डॉक्टरांच्या ज्ञानाविषयी माझी तक्रार नाही. तरीही माझा सल्ला असा की किरकोळ आजार तेथे पाहावेत आणि काही गंभीर झाले तर सरळ विमान पकडून मुंबईला यावे. घानातील सधन लोकही शस्त्रक्रियेसाठी भारतात येतात, मग आपण तेथे का थांबावे?

बंदरकाठ

नियोजित शस्त्रक्रियेपुरते तुमचे म्हणणे मान्य आहे. गुडघा किंवा हृदयाची झडप यांसाठी माणूस तारीख ठरवून येऊ शकतो. परंतु पक्षाघात, हृदयविकाराचा झटका, अपघात किंवा मेंदूपर्यंत गेलेला मलेरिया तारीख ठरवून येत नाही. मुंबईला येण्यासाठी अदिस अबाबा किंवा दुबईमार्गे दिवसभराचा प्रवास करावा लागतो आणि अस्थिर प्रकृतीच्या रुग्णाला विमान कंपनी घेतही नाही. पहिले सहा तास घानातच काढायचे असतात, आणि तयारी करायची ती त्या सहा तासांची.

चार वर्षांपूर्वी तेमा-आक्रा महामार्गावर आमच्या एका सहकाऱ्याच्या गाडीला ट्रकची धडक बसली. आम्ही त्याला पहिल्या रुग्णालयात नेले, तेथे खाट नव्हती. दुसऱ्या ठिकाणीही तेच उत्तर मिळाले, आणि गाडीतून न उतरवताच आम्हाला पुढे पाठवण्यात आले. तिसऱ्या रुग्णालयात एका परिचारिकेने त्याला व्हरांड्यातील चाकांच्या खाटेवर घेतले, सलाइन लावले आणि डॉक्टरांना हाताला धरून आणले. तो वाचला. त्याच्या डाव्या पायात आजही जोर नाही. या दुखण्याला घानातील लोकांनीच "नो बेड सिंड्रोम" असे नाव दिले आहे. २०१८ मध्ये आक्रातील एका सत्तर वर्षांच्या गृहस्थांना सात रुग्णालये फिरवूनही खाट मिळाली नाही आणि त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा हा विषय राष्ट्रीय चर्चेचा झाला.

खाटा कमी पडतात हे सरकारला मान्य आहे. १०१ जिल्हा रुग्णालयांसह एकूण १११ रुग्णालये बांधण्याची योजना ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाली, परंतु जानेवारी २०२५ मध्ये सरकार बदलले तेव्हा त्यांतील बहुतेक बांधकामे अपुरीच होती. रुग्णवाहिकांबाबत परिस्थिती सुधारली आहे. ९ मे २००१ रोजी आक्राच्या क्रीडागारात चेंगराचेंगरी होऊन १२६ माणसे गेली, आणि त्या दुर्घटनेनंतर राष्ट्रीय रुग्णवाहिका सेवा उभी राहिली. जानेवारी २०२० मध्ये तिला ३०७ नव्या गाड्या मिळाल्या. क्रमांक १९३ किंवा ११२.

त्या अपघातानंतर आम्ही येथील मराठी कुटुंबांनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. कोणालाही हलवण्याआधी एकाने रुग्णाजवळ थांबायचे आणि दुसऱ्याने तीन रुग्णालयांना दूरध्वनी करून खाट व प्राणवायू आहे का ते विचारायचे. प्रत्येक घरात दोघांच्या नावाने मोबाइल मनीची वेगवेगळी खाती असावीत आणि त्यांत अनामतीपुरती रक्कम कायम असावी. कंपनीच्या विम्याचे हमीपत्र छापून गाडीत ठेवावे. आणि रक्तगटांची यादी. येथे रक्ताची पिशवी घेतली की बदल्यात नातेवाइकांनी रक्तदान करावे, अशी अपेक्षा असते. परक्या मुलखात नातेवाईक कोठून आणणार? म्हणून २३ घरांची यादी आम्ही दर जानेवारीत नव्याने करतो.

दुर्गम भागांत रक्ताची अडचण वेगळ्या मार्गाने सोडवण्याचा प्रयत्न झाला आहे. एप्रिल २०१९ पासून ओमेनाको येथील तळावरून चालकरहित छोटी विमाने रक्त, लशी आणि सर्पदंशावरील औषध घेऊन उडतात आणि आरोग्यकेंद्राच्या आवारात हवाई छत्रीने पेटी सोडून परततात.

परिचर्या_लीड्स

मूळची सांगलीची, इंग्लंडमध्ये नऊ वर्षे परिचारिका आहे. माझ्या कक्षात घानाच्या चार परिचारिका आहेत आणि त्यांच्या हाताला जे वळण आहे ते पाहून मी पुष्कळ शिकले. त्यांतील एक तामालेजवळच्या केंद्रावर सहा वर्षे एकटीने बाळंतपणे करत होती.

त्या सांगतात ते ऐकून मन अस्वस्थ होते. घानात परिचारिका महाविद्यालयांतून दरवर्षी हजारो मुली बाहेर पडतात, परंतु सरकारकडे पगाराची तरतूद नसल्याने नेमणुकीसाठी त्यांना वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. त्याच वेळी अनुभवी परिचारिका देश सोडतात. म्हणजे नवख्या मुली घरी बसलेल्या, जुन्या परदेशी गेलेल्या, आणि कक्षात रात्री एकीच्या भरवशावर तीस रुग्ण, असे चित्र तयार होते. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मनुष्यबळाची तीव्र टंचाई असलेल्या ५५ देशांची यादी काढली. तीत घाना आहे, आणि त्या देशांतून परिचारिकांची सक्रिय भरती करू नये असे इंग्लंडचे धोरण आहे. परंतु स्वतःहून अर्ज करणाऱ्या व्यक्तीला कोण अडवणार? मीही सांगलीचे सरकारी रुग्णालय सोडूनच येथे आले, त्यामुळे त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही.

नीरजाताई, तेथे परिचारिका तुमच्याशी घाईने बोलली तर तिच्यामागे किती रुग्ण उभे आहेत, ते एकदा पाहा. आणि "मेदासे" हा आभाराचा शब्द शिकून जा.

नीरजा_ठाणे

सर्वांचे मनापासून आभार. आम्हाला येथे येऊन पाच महिने झाले, म्हणून काय झाले ते लिहिते.

बंदरकाठ यांच्या सांगण्यावरून पहिल्या पंधरवड्यातच चौघांची फोल्डर्स काढली. सासूबाईंना वयामुळे पीतज्वराची लस देऊ नये असे डॉक्टरांनी ठरवले. त्यासाठीचे वैद्यकीय पत्र विमानतळावर मान्य झाले, आणि परतीसाठी ते जपून ठेवले आहे. त्यांच्या इन्सुलिनचा प्रकार येथे मिळतो, रक्तदाबाची गोळी गुजरातमध्ये बनलेली मिळाली. मूत्रपिंडांची तपासणी दर तीन महिन्यांनी करायची असे येथील डॉक्टरीणबाईंनी स्वतःच सुचवले आणि मला आरोग्यवाट यांचे शब्द आठवले.

गेल्या महिन्यात एका रविवारी रात्री साडेनऊला मुलीला ३८.६ ताप भरला. सकाळपर्यंत वाट पाहू या, असे यजमान म्हणाले. ठाण्यात असते तर मीही तेच म्हटले असते. धाग्यातील पाऊण तासाची गोष्ट मला आठवली आणि आम्ही निघालो. परिचारिकेने बोटातून रक्त घेतले, तपासणी निर्दोष आली. तिने स्वतःहून सांगितले की दुसऱ्या दिवशी पुन्हा आणा, एका तपासणीवर झोपू नका. दुसऱ्या दिवशी दुपारी सूक्ष्मदर्शकाखाली फाल्सिपेरम दिसला. सहा मात्रा दुधाबरोबर दिल्या. पहिली मात्रा तिने अर्ध्या तासाच्या आत ओकली, तेव्हा परिचारिकेला दूरध्वनी करून तीच मात्रा पुन्हा दिली. चौथ्या दिवशी ती अंगणात खेळत होती. एक आठवड्यानंतर पुन्हा तपासणी करून घेतली.

वैनगंगा_तीर ताईंना सांगायचे म्हणजे आमच्या घरी कामाला येणाऱ्या बाईंच्या नातवाला सिकलसेल आहे. त्यांचा विमा चालू आहे, तरी औषध कधी मिळते, कधी बाहेरून आणावे लागते. त्या दर महिन्याला त्याला पहाटेच्या ट्रोट्रोने, म्हणजे येथील प्रवासी छोट्या बसने, कोर्ले बूला नेतात. आता त्या दिवशी आमची गाडी देतो.

बंदरकाठ यांच्या यादीत आमच्या घरातील तिघांचे रक्तगट कळवले आहेत. माझा ओ निगेटिव्ह आहे.

बंदरकाठ

नीरजाताई, यादीत ओ निगेटिव्ह आतापर्यंत एकच होता आणि ते गृहस्थ मार्चमध्ये पुण्याला परतत आहेत. तुमचा क्रमांक वरच्या ओळीत लिहिला आहे.